थांबलेल्याच्या पुढे जाणारे

रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांना आपल्याकडे कोणी जुमानत नाही, हे सांगण्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालायचे कारण नाही. ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझे म्हणणे जरा निराळे आहे आणि पुष्कळांना ते रुचणार नाही. पट्ट्यांपाशी जो थांबत नाही तो दोषी खराच. पण दुसरा कोणी थांबला असता त्याच्या बगलेतून जो आपली गाडी पुढे दामटतो, तो दुपटीने दोषी आहे. पहिला नुसता बेपर्वा. हा दुसरा मात्र एका भल्या माणसाच्या सौजन्याचा सापळा करून टाकतो.

कसा, ते पाहा. एस. टी. पट्ट्यांपाशी थांबली. ड्रायव्हरने हाताने खूण केली, ‘या, आजी.’ आजींनी विश्वासाने पाऊल टाकले. आता ती एस. टी. म्हणजे एक भिंतच झाली. भिंतीपलीकडून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आजी दिसत नाहीत आणि आजींना तो दिसत नाही. ताशी ५० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. इंग्लंडच्या ‘हायवे कोड’ने दिलेला हिशेब असा, की ताशी ४८ किलोमीटरला गाडी पुरती थांबायला २३ मीटर लागतात आणि ३२ किलोमीटरला १२ मीटर. एस. टी.ची कड आणि आजींचे पाऊल यांत दोन मीटरही नसतात! तेथे ब्रेक काय करील आणि चालवणाऱ्याचे कसब तरी काय करील?

म्हणून जाणत्यांनी या बाबतीत नियम कडक केले. इंग्लंडात हे पट्टे १९५१ साली आले. नुसत्या पट्ट्यांनी भागत नाही असे दिसल्यावर १९७१ साली त्यांच्या दोन्ही अंगांना नागमोडी रेघा आल्या. त्या रेघांत पट्ट्यांलगतच्या गाडीला मागे टाकायचे नाही, असा तिथला दंडक आहे. १९६८ सालचा व्हिएन्ना करारही हेच सांगतो : पट्ट्यांशी येणाऱ्या वा थांबलेल्या गाडीला ओलांडायचेच असेल, तर पट्ट्यांवर माणूस दिसताच जागच्या जागी थांबता येईल इतक्या मंद गतीनेच.  आपल्या २०१७ सालच्या वाहनचालनाच्या नियमांतही, जिथे सिग्नल नाही अशा पट्ट्यांपाशी वेग कमी करा, थांबा आणि पायी जाणाऱ्याला वाट द्या, असे स्वच्छ लिहिले आहे. तेव्हा कायदा नाही, ही सबब नको.

दुसऱ्याही सबबी तयार असतातच. ‘मी थांबलो तर मागचा येऊन आदळेल.’ हे मात्र अर्धे खरे आहे. मी पट्ट्यांपाशी गाडी थांबवतो तेव्हा मागून हॉर्नचा मारा सुरू होतो आणि एका गृहस्थांनी तर काच खाली करून माझ्या मातापित्यांचा उद्धार केला. परंतु यावर उपाय न थांबणे हा नव्हे. आधीपासून वेग उतरवत आणणे हा आहे. म्हणजे मागच्यालाही उमजते.

‘लोकच वाटेल तिथून रस्ता ओलांडतात!’ ओलांडतात, कबूल. पण पट्ट्यांवरून गेले काय आणि बाजूने गेले काय, गाडी थांबत नाहीच, असा अनुभव आल्यावर त्यांनी पट्टे शोधीत का जावे?

‘वेळ फुकट जातो.’ सात मीटरचा रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला सहा सेकंद लागतात, आजींना दहा-बारा. एवढ्या वेळात चकलीचा एक वेढाही धड पडत नाही.

‘पादचाऱ्यांसाठी पूल बांधा.’ जरूर बांधा! पण गुडघे धरलेल्या आजीने आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईने दोन जिने चढावेत, कशासाठी? तर गादीवर बसलेल्याचा पाय ब्रेकवर पडू नये म्हणून. हा न्याय कुठला?

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला नव्वद घरांत सुतक. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळू लागले. चांगली गोष्ट आहे. पण पायी चालणाऱ्याला वर्षातून एक दिवस पाटावर बसवायचे आणि उरलेले ३६४ दिवस पळवायचे, याला मान म्हणत नाहीत.

सरकारने दंड करावा, पोलिसांनी नजर ठेवावी, हे सारे हवेच. पण मागच्याने हॉर्न वाजवला की आपलाच पाय ब्रेकवरून सुटतो, तिथे पोलीस पुरा पडत नाही. तिथे घरची माणसे लागतात. म्हणून हा अंक वाचणाऱ्या मायबहिणींना आणि मुलांना माझी विनंती आहे. या दिवाळीत भावाच्या, वडिलांच्या गाडीतून फराळाचे डबे पोचवायला निघाल, तेव्हा पुढची गाडी पट्ट्यांपाशी थांबलेली दिसली, की मोठ्याने सांगा, ‘थांबा, तिच्यापुढे कोणीतरी आहे.’ भाऊबीजेला ज्याचे आयुष्य मागायचे, त्याच्या हातून दुसऱ्या बहिणीचा भाऊ जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.