सावित्रीकाठच्या पोरांना विज्ञान कधी मिळणार?

भाताचे रोप कशावर वाढते, असा प्रश्न सातवीच्या वर्गात टाका. मातीवर, खतावर, पाण्यावर, असे उत्तर येईल. मग त्याच मुलाला प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या विचारा. ती तो न अडखळता म्हणून दाखवील. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, पाणी, सगळे शब्द जागच्या जागी. दोन गुण पक्के! पण ही व्याख्या आणि शाळेच्या कुंपणापलीकडे हातभर वाढलेले भात यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत शाळेची भिंत आणि भाताचे खाचर यांत बांधाएवढेही अंतर नाही. तिथे हे घडावे याची आम्हाला चीड येते, आणि ती चीड लपवण्याचे कोणतेही कारण आम्हाला दिसत नाही.

रोप कशावर वाढते, या प्रश्नाचे खरे उत्तर माणसाला सहजासहजी सापडलेले नाही. व्हान हेल्मॉन्ट नावाच्या ब्रुसेल्सच्या संशोधकाने २०० पौंड वाळवलेली माती तोलून कुंडीत भरली, तीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे पाण्याखेरीज त्याला काही घातले नाही. झाड १६९ पौंडांवर गेले, माती घटली जेमतेम दोन औंस. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापले गेले. झाड माती खाऊन वाढत नाही हे त्याने तराजूने सिद्ध केले; ते निव्वळ पाण्यावर वाढते हा त्याचा निष्कर्ष मात्र चुकला. १७७९ मध्ये इंगेनहाउसने पाणवनस्पतीवर उन्हात उठणारे आणि अंधारात थांबणारे बुडबुडे पाहिले, आणि झाडाच्या अंगातला कार्बन हवेतून येतो हे पक्के व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्ड आणि एमआयटीच्या नव्या पदवीधरांना लाकडाचा ओंडका दाखवून विचारले गेले की हे वजन आले कुठून? तेही माती आणि पाणी यांतच घोटाळले. सांगायचे ते हे की पोलादपूरचा पोरगा मठ्ठ नाही. हा विचारच असा आहे की तो कानाने शिकता येत नाही. तो हाताने आणि डोळ्यांनी शिकावा लागतो. आपण मात्र तो पिढ्यानपिढ्या घोकून घेत आलो आहोत.

घोकंपट्टीने पोकळ ठेवलेल्या डोक्यात मग काहीही भरता येते. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, ही थाप आज शिकलेसवरलेले लोक विज्ञान म्हणून एकमेकांना पाठवतात. ज्याला प्रकाशसंश्लेषणातला ‘प्रकाश’ कळला आहे, तो एका क्षणात विचारील की अंधारात ऑक्सिजन बनेल कसा? पिंपळ असो वा वड, रात्री प्रत्येक झाड तुमच्या-आमच्यासारखे श्वसन करते, ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. दिवसाही ते श्वसन करतच असते. हे न समजता दहावी पास झालेल्या माणसाला आपण विज्ञान शिकवले, असे म्हणायची आम्हाला लाज वाटते.

आणि शिकवायला लागते काय? औषधाच्या दुकानातले आयोडीन, थोडे स्पिरीट, गरम पाण्याचे पातेले आणि शाळेच्या अंगणातले क्रोटनचे झाड. पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावून ते दोन दिवस उन्हात राहू द्या. मग पाण्यात उकळा, शेगडी विझवून गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरीटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवा, आणि वर आयोडीन टाका. जिथे ऊन आणि हिरवा रंग दोन्ही होते तिथेच पान निळे-काळे होईल. पट्टीखाली नाही, क्रोटनच्या पानावरच्या हिरव्या नसलेल्या ठिपक्यांवरही नाही. त्याच बाटलीतला थेंब घरच्या पेजेवर टाका, तीही निळी-काळी! त्या क्षणी मुलाला कळते की पानात बनते ते आणि आपल्या ताटात येते ते एकच आहे, आई लावणीच्या चिखलात वाकते ती सूर्याचा प्रकाश दाण्यात साठवायला वाकते. या ज्ञानाची किंमत शंभर-दोनशे रुपये आहे. तेवढेही जी व्यवस्था वर्गात पोचवत नाही, तिने स्मार्ट क्लास आणि डिजिटल शाळांच्या घोषणा आमच्यापुढे करू नयेत.

अन्नसाखळीची कथा तर याहून संतापजनक आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. पाच चित्रे, चार बाण, संपला धडा! ज्या महाड शहराला लागून सावित्री नदीच्या पात्रात मगरी ऊन खात पडतात, त्या महाडच्या मुलाने सर्वोच्च भक्षक म्हणून आफ्रिकेतला सिंह लिहायचा. महाड तालुक्यातच नाणेमाचीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात. महाडच्या सिस्केप संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती सांभाळण्यासाठी वर्षानुवर्षे राबून दाखवले आहे. या गिधाडांची गोष्ट म्हणजे अन्नसाखळीचा जगातला सर्वांत मोठा धडा. दुखऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचले जाई, ते जनावर मेले की गिधाडे त्याच्यावर उतरत आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. पांढऱ्या पाठीची गिधाडे पंधरा-वीस वर्षांत शेकडा नव्व्याण्णवांहून अधिक संपली. कारण सापडले २००४ साली, आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. गोठ्यातल्या सुईपासून कड्यावरच्या घरट्यापर्यंतची ही साखळी ज्या गावात घडली, त्या गावच्या शाळेत तिचा उल्लेख होत नसेल तर तो धडा कोणासाठी आहे?

पण याहूनही खोल जखम आहे, आणि तिच्यावर बोट ठेवल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही. या वर्गात अन्नसाखळी सर्वांत जास्त कोणाला कळते? कातकरी वाडीवरच्या मुलाला. पहिल्या पावसात ओढ्याने चढणारे वलगणीचे मासे कोणते, मुठे खेकडे बिळातून कधी बाहेर येतात, कापणीनंतर उंदराने लोंब्या कुठल्या बांधात साठवल्या आहेत, धामण त्याच बिळाशी का घुटमळते, हे त्याने पुस्तकाशिवाय शिकलेले असते. भात, उंदीर, धामण. भात, उंदीर, माणूस. परिसंस्थेचा आख्खा धडा त्याच्या पायाखाली आहे. तरी तो वर्गात गप्प बसतो. का? कारण ‘तुमच्या घरी काय खातात?’ या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तर मागच्या बाकावरून हसू फुटेल, हे त्याला ठाऊक आहे. मांसाहार-शाकाहाराच्या, उच्च-नीच ताटाच्या आमच्या सडक्या कल्पना वर्गात शिरल्या आणि त्यांनी विज्ञानाच्या उत्तम विद्यार्थ्याचे तोंड बंद केले. जातीने विज्ञानाची केलेली ही हत्या आहे! आणि ही हत्या महाडमध्ये होते!

होय, त्याच महाडमध्ये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करा, असा समाजसुधारक बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी त्याला अनुसरून चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागे आलेले हजारो लोक ओंजळ भरेपर्यंत त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओठांना लागले नव्हते. ओंजळ भरल्यावर डोकी फुटली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. त्याच १९२७ साली लंडनमध्ये चार्ल्स एल्टन या तरुण प्राणिशास्त्रज्ञाचे ‘अ‍ॅनिमल इकॉलॉजी’ प्रसिद्ध झाले, आणि कोण कोणाला खातो या साखळीचा विचार विज्ञानात रुजला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर या गावाने रक्त सांडून मोजले आहे. म्हणून या गावाला कोणी कागद दाखवून गप्प बसवू नये.

शिक्षणातला कागद काय म्हणतो पाहा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्याच्या परिशिष्टात स्वच्छ लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान आणि गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांचा किमान एकेक शिक्षक असलाच पाहिजे. आणि प्रत्यक्षात? पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्या रिकाम्या होत चालल्या. कर्ते लोक मुंबईला, मागे म्हातारी माणसे आणि मूठभर पोरे. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या सरकारी हिशेबात, पद जाते, पद गेले की उरलेल्या एक-दोन शिक्षकांवर सगळे वर्ग पडतात, आणि विज्ञान ज्याच्या वाट्याला येते त्याने ते बारावीनंतर कधी उघडलेलेही नसते. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा आहेत. २०२३ साली त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा घाट घातला गेला. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि सहावी ते आठवीच्या अशाच लहान वर्गांवरच्या शिक्षकांच्या पदांवर कुऱ्हाड आली. कायदा मुलाला शिक्षक देतो, शासन निर्णय तो काढून घेतो. पट कमी म्हणून विज्ञान कमी, हा न्याय कुठला? वर्गात सात पोरे असली म्हणून पानातले हरितद्रव्य कमी होते काय?

शिक्षकांवर आम्ही दगड मारणार नाही. माहिती भरा, ॲप भरा, सर्वेक्षणाला जा, निवडणुकीला जा, आहाराचा तांदूळ मोजा, आणि मग उरलेल्या वेळात पाच विषय शिकवा, अशा माणसाने घोकंपट्टीचा आसरा घेतला तर दोष त्याचा नाही. दोष परीक्षेचा आहे. जी परीक्षा रिकाम्या जागा भरायला सांगते ती रिकामी डोकीच घडवते. ‘कातळावरच्या झऱ्याच्या डबक्यात कोण कोणाला खातो ते पाहून काढा’ असा एक प्रश्न घाला, सगळे वर्ग ओढ्यावर जातील!

पण ओढा जाणणारे ते कातकरी पोर वर्षभर वर्गात तरी कुठे असते? दिवाळी झाली की कातकऱ्यांची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. मूलही जाते. ज्या जमातीला सरकार स्वतःच आदिम म्हणून विशेष संरक्षणाच्या यादीत ठेवते, तिच्या पोराचे अर्धे शालेय वर्ष विटांच्या थप्प्यांमध्ये संपते. हंगामी वसतिगृहांची योजना कागदावर आहेच. प्रत्येक वाडीनिहाय किती मुले त्यात राहिली, हे दिवाळीनंतर दर महिन्याला जाहीर करायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, एका धड्यासाठी एवढा गदारोळ? हा एक धडा ज्याला कळला तो माणूस वेगळा होतो. फाल्गुन-चैत्रात या डोंगरांवर वणवे पेटतात. पुढच्या वर्षी गवत चांगले यावे म्हणून, शिकारीसाठी, कधी निव्वळ मजेखातर काडी ओढली जाते. अन्न बनवणारे फक्त हिरवे पान आहे आणि बाकी सगळे, बिबट्यापासून आपल्यापर्यंत, त्याच्या जिवावर जगतात, हे ज्याला मनापासून पटले आहे त्याचा हात काडीकडे जाताना थांबेल. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि सावित्रीत मेलेले मासे तरंगताना या तालुक्याने पाहिले आहेत. पाण्यात विरघळलेले विष शेवाळात किती, कोळंबीत किती, मोठ्या माशात किती आणि तो खाणाऱ्या बाईच्या दुधात किती, हा चढता हिशेब म्हणजे अन्नसाखळीच आहे. जपानमधल्या मिनामाताच्या कोळ्यांनी तो पाऱ्याने लुळ्या पडलेल्या पोरांच्या रूपाने भरला. तिथल्या रोगाची पहिली नोंद १९५६ ची. जो मुलगा हा हिशेब शिकला, तो उद्या ग्रामसभेत उभा राहून विचारील की नदीच्या पाण्याचे तपासणी अहवाल कुठे आहेत? असे विचारणारा नागरिक कोणालाच नको आहे काय? विज्ञानाचा शिक्षक या डोंगरात पोचत नाही, त्यामागे निव्वळ बेपर्वाई आहे की या प्रश्नाची भीतीही आहे, याचे उत्तर सरकारने द्यावे.

आमच्या मागण्या मोजक्या आणि पुऱ्या होण्याजोग्या आहेत. रायगड जिल्हा परिषदेने महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या सहावी ते आठवीच्या प्रत्येक शाळेची यादी जाहीर करावी: कुठे विज्ञान-गणिताचा पदवीधर शिक्षक आहे, कुठे नाही, किती वर्षांपासून नाही. जिथे नाही तिथे तो पटाची अट न लावता द्यावा. एका शाळेला शक्य नसेल तर दोन जवळच्या शाळांना मिळून, आठवड्यातले ठरलेले दिवस वाटून, पण द्यावा. प्रत्येक शाळेत आयोडीन, स्पिरीट आणि भिंग जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचावे. पावसाळ्यातले किमान चार तास ओढ्यावर आणि खाचरात व्हावेत, आणि त्या तासांना कातकरी वाडीतल्या जाणत्या माणसाला मानधन देऊन शिकवायला बोलवावे, गावातल्या सगळ्यांदेखत, सन्मानाने. शाळांची ती यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावात वाचली जावी. ज्या गावात ती वाचली जाणार नाही, त्या गावच्या पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात जाऊन ती मागावी आणि मिळाल्याशिवाय उठू नये.