तपासणी अहवाल वाचायचा कोणी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवर १८ टक्के होता, तोही ५ वर उतरला. करापूर्वी चार लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरमागे २८ हजार रुपये वाचतात. दसरा-पाडव्याला शोरूमच्या दारात गर्दी झाली ती यामुळेच. आणि तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न आहे: पहिलाच ट्रॅक्टर घेतोय, किती एचपीचा घेऊ?

यातली बरीचशी पत्रे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगडची आहेत. दोन-तीन एकर रान, त्यात थोडी भाताची खाचरे, वरच्या अंगाला काजू, बांधावर आंबा, फणस, ऐन, किंजळ, घरामागे बांबूचे बेट आणि या सगळ्याला जोडणारी उताराची एक वाट. बैलजोडी गेली, औताला माणूस मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टर हवा. गरज खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न मात्र उलट्या टोकाने विचारला जातो. अशा रानात एचपी सर्वांत शेवटी ठरवायची असते. आधी रुंदी, मग उंची, मग वळण, मग उतार, मग अवजार. आणि हे सगळे जमले की जे इंजिन उरते ते आपले.

आता तक्रारीकडे येतो. ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर निवड झाली की कोटेशनसोबत एक कागद चढवावा लागतो, तो म्हणजे यंत्राचा तपासणी अहवाल. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि परीक्षण संस्था आहे. तिथे किंवा तशाच मान्यताप्राप्त केंद्रात ट्रॅक्टर आयएस ५९९४ प्रमाणे तपासला जातो. पीटीओवर प्रत्यक्ष किती ताकद मिळाली, ड्रॉबारला किती ओढ आली, ब्रेक लावून आणि न लावता किती जागेत वळला, जमिनीपासून पोट किती उंच, एकूण रुंदी किती, गुरुत्वमध्य कुठे, चालकाच्या कानाशी आवाज किती, हे सगळे त्यात असते. चिखलणीची चाचणी घेतली असेल तर चिखल-पाणी कोणत्या सीलमधून आत शिरले याचीही नोंद मिळते. गगनबावड्याच्या खाचरात उतरणाऱ्या माणसाला याहून मोलाची माहिती दुसरी नाही.

हा अहवाल वाचतो कोण? विक्रेता पहिले पान देतो. सेवा केंद्रवाला ते स्कॅन करून चढवतो. कार्यालयात मॉडेलचे नाव जुळले की पुढची पायरी सुरू. ज्याच्या नावाने हा कागद फिरतो त्या शेतकऱ्याने तो डोळ्यांनीही पाहिलेला नसतो. पुढे खरेदी झाली की मोका तपासणी. चासी नंबर, बिल, जिओ-टॅग केलेला फोटो. ट्रॅक्टर अस्तित्वात आहे एवढे सिद्ध होते. तो त्या रानात चालतो का, हे कोणी विचारत नाही. आजरा तालुक्यातल्या एका वाचकाने ४५ एचपीचा ट्रॅक्टर घेतला. त्याच्या फोटोत मागे डांबरी रस्ता दिसतो, कारण पाणंदीच्या वळणातून तो त्याच्या गटात उतरतच नाही. अनुदान जमा झाले आहे आणि खाचरे आजही भाड्याच्या पॉवर टिलरने होतात. एवढे सरकारी पैसे खर्चून ज्या कामासाठी ट्रॅक्टर घेतला तेच काम झाले नाही, आणि कागदोपत्री हे प्रकरण निर्दोष आहे. आम्हाला याचा संताप येतो.

दोष फक्त खालच्या कर्मचाऱ्याचा नाही, योजनेच्या रचनेचाही आहे. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के किंवा सव्वा लाख, इतरांना ४० टक्के किंवा एक लाख, यांत जे कमी असेल ते. म्हणजे अडीच लाखांच्या पुढचा कुठलाही ट्रॅक्टर घ्या, अनुदान तेवढेच. शिरोळच्या सपाट मळीत चालणारा टू-व्हील ड्राइव्ह आणि चंदगडच्या चढावर लागणारा अरुंद फोर-व्हील ड्राइव्ह यांत सरकार फरक करत नाही. बचत गटांसाठीची सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना घ्या. त्यात ९ ते १८ अश्वशक्तीची अट आणि ट्रेलर-अवजारांसह साडेतीन लाखांची मर्यादा, तिच्यावर ९० टक्के. हेतू उत्तम आहे, पण २४ एचपीचा छोटा फोर-व्हील ड्राइव्ह केवळ आकड्यामुळे बाहेर पडतो. उतारावर जो सुरक्षित, तोच अपात्र. शिवाय आता सोडतीऐवजी प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आले. ज्या वाडीत रेंजसाठी टेकडीवर जावे लागते तिथला अर्ज रांगेत कुठे लागणार, याचा विचार हा निर्णय घेताना कोणी केलेला दिसत नाही.

उताराबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर नुसता पैसा जात नाही. टू-व्हील ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांना असतात. उतारावर वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात, खाली काजूचा ओला पाला किंवा सुटा मुरूम असला की ती लॉक होऊन घसरतात. फोर-व्हील जोडलेली असली की तोच ब्रेक आणि इंजिनाचा अटकाव पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. म्हणून आमच्या डोंगरी तालुक्यांत फोर-व्हील ड्राइव्ह ही चढण्यासाठी जितकी लागते त्याहून जास्त उतरण्यासाठी लागते. ब्रेकची दोन पेडले कडीने जोडूनच वाटेवर यायचे, गिअर वरच निवडायचा, मध्ये न्यूट्रल नाही. तोडलेले ओंडके ओढताना साखळी टॉप लिंकच्या जागी कधीच अडकवू नका, खालच्या ड्रॉबारलाच. वर अडकवली की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उभा राहतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. दुमडता येणारा रोल बार मिळत असेल तर तो घ्या. झाडाखाली दुमडावा, उघड्या उतारावर उभा करून पट्टा लावावा.

झाडांचेही तेच. काजूची शिफारस ७ बाय ७ मीटरची, त्यामुळे ओळीत जागा भरपूर वाटते. पण ट्रॅक्टर अडतो तो फांद्यांना, खोडांना नाही. उभा सायलेन्सर फांदीत अडकतो, हेडलाइट फुटतो, आणि मालक वैतागून खालच्या फांद्या छाटतो. काजूचा मोहोर घेराच्या बाहेरच्या नव्या फुटव्यावर येतो, म्हणजे छाटली ती पुढची फळधारणा. खोडाजवळ रोटाव्हेटर फिरवून मुळे तोडली तर त्या जखमा खोडकिड्याला आमंत्रण देतात. म्हणून खाली वळलेला सायलेन्सर आणि बसका बॉनेट असलेलाच बागेचा ट्रॅक्टर. बांधावरचे आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ हे तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतले आहेत. ट्रॅक्टरला वाट करायला ते परवानगीशिवाय पाडता येत नाहीत आणि पाडूही नयेत. जो ट्रॅक्टर झाडे पाडल्याशिवाय आत येत नाही तो आपल्या रानाचा नाही.

अवजाराबाबत आमचे मत अनेकांना रुचणार नाही, तरी सांगतो. उतारावरच्या बागेत रोटाव्हेटर हे पहिले अवजार नव्हे. जांभ्यावरची वीतभर माती मोकळी केली की पहिल्या जोरदार सरीत ती ओढ्याला लागते. तिथे गवत कापणारे स्लॅशर, फवारणी पंप, खड्डे घेणारे ऑगर आणि ब्रेक असलेला अरुंद ट्रेलर यांचे काम वर्षभर असते. रोटाव्हेटर खाचरापुरता. तीन-साडेतीन फुटी रोटाव्हेटरला इंजिनाची नव्हे, पीटीओची एचपी पाहा. लिफ्टचेही तसेच. पत्रकात छापलेला आकडा बहुधा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. अहवालात तिथून ६१० मिलिमीटर मागे चौकटीवर उचललेले वजनही दिलेले असते. आपले अवजार मागेच लटकते, म्हणून दुसरा आकडा खरा धरावा.

बाजारात पर्याय आहेत. १५ एचपीचा युवराज २१५ अरुंद ओळींत वर्षानुवर्षे चालतो आहे, पण तो टू-व्हील आहे. महिंद्रा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हे २४ एचपीचे फोर-व्हील. स्वराज कोड ११ एचपीच्या आसपासचा आणि फारच हलका, त्याच्याकडून खाचराच्या चिखलणीची अपेक्षा ठेवू नये. आमचे मत विचाराल तर चढउताराच्या बागेत २० ते २५ एचपी आणि फोर-व्हील यापलीकडे जाण्याचे कारण क्वचितच असते. ऊस वाहतुकीचे भाडे मिळेल म्हणून ५० एचपी घेणाऱ्याने तो धंदा म्हणून घ्यावा, आपल्या दोन एकरांचे नाव पुढे करू नये. आणि दोन एकरांच्या आत असाल तर एकट्याने घेऊच नका. तिघा-चौघा भाऊबंदांनी मिळून घ्या किंवा पॉवर टिलरवर थांबा. हप्ता ट्रॅक्टरच्या तासांवर फिटतो, दारात उभे राहून फिटत नाही.

वाचकांनाही एक सांगायचे आहे. बँकेच्या कागदांवर डझनभर सह्या करणारा माणूस टेप घेऊन स्वतःच्या पाणंदीत जात नाही. भीमा कृषी प्रदर्शनात मेरी वेदरच्या सपाट मैदानावर ट्रॅक्टर पाहून पसंत करतो, आणि शेजाऱ्याने ४५ घेतला म्हणून आपला ४७. विक्रेत्याला ‘आधी माझ्या रानात चालवून दाखव’ असे म्हणण्याचा संकोच कशाचा? लाखो रुपये तुमचे आहेत. जो विक्रेता गाडी तुमच्या चढावर आणायला तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. ज्यांच्या पूर्वसंमतीच्या फायलीत २२ सप्टेंबरपूर्वीचे कोटेशन आहे, त्यांनी नव्या दराचे कोटेशन मागून घ्यावे. आणि पूर्वसंमती हातात येण्याआधी बिल करू नये. असे दावे नामंजूर झाल्याची पत्रे आजही येतात.

कृषी खात्याकडे आमच्या मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक पात्र मॉडेलच्या तपासणी अहवालाचा एक पानी मराठी गोषवारा तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लावावा. मोका तपासणीचा फोटो रस्त्यावर नव्हे, त्या गटात काम करताना घ्यावा. डोंगरी तालुक्यांत अरुंद फोर-व्हील ड्राइव्हसाठी अनुदानाची वेगळी मर्यादा ठरवावी आणि बचत गटांच्या योजनेतली १८ एचपीची अट तिथे उठवावी. राहुरी विद्यापीठाने शेंडा पार्कच्या सपाटीवर नव्हे, आजरा-चंदगडच्या उतारावर प्रात्यक्षिके घ्यावीत. उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखानदारांनाही विनंती आहे: तीन फुटी अवजारे आणि ब्रेकचे अरुंद ट्रेलर इथेच बनवा. साऱ्या देशाच्या इंजिनांना कास्टिंग पुरवणाऱ्या गावाला हे जड नाही.

पण मागणीला आकड्यांचा आधार लागतो, आणि तो तुम्हीच देऊ शकता. आपल्या पाणंदीची सर्वांत अरुंद रुंदी, सर्वांत अवघड वळणाची जागा, झाडाखालची मोकळी उंची, खाचराची लांबी-रुंदी आणि चढ किती, हे टेपने मोजून, गाव-तालुका लिहून आम्हाला पाठवा. ट्रॅक्टर घेतला असेल तर तो कुठे अडतो तेही लिहा. ही मापे एकत्र करून आम्ही जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना समक्ष देणार आहोत. पत्रे ३१ डिसेंबरपर्यंत पोहोचली पाहिजेत.