काच फुटण्याची तरतूद

अनेक सरकारी शाळांत विज्ञानाच्या कपाटाला कुलूप असते. आत चंचुपात्रे, परीक्षानळ्या, भिंगे, एखादा सूक्ष्मदर्शक असतो. काही वस्तू तर मूळ वेष्टणातून कधी बाहेरच आलेल्या नसतात. याचा दोष शिक्षकाच्या आळसावर टाकणे सोपे आहे. खरे कारण बहुधा शेजारच्या टेबलावरील नोंदवहीत सापडते. कपाटातील प्रत्येक वस्तू ‘डेड स्टॉक’ म्हणून तीत चढवलेली असते. एखादे चंचुपात्र फुटले की निर्लेखनाचा प्रस्ताव करा, मंजुरीची वाट पाहा आणि तपासणीच्या दिवशी स्पष्टीकरण द्या. चाळीस मुलांच्या हाती काच देणे म्हणजे हे सारे आपणहून ओढवून घेणे. मग प्रयोग फळ्यावर होतो. आकृती, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या क्रमाने, आणि निरीक्षण आधीच ठाऊक असते.

शालेय विज्ञानासाठी देशात पैसाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर–मानक’ योजनेत ज्या विद्यार्थ्याची कल्पना निवडली जाते, त्याच्या बँक खात्यात प्रतिकृती बनवण्यासाठी थेट १०,००० रुपये जमा होतात. वर्षाला एक लाखापर्यंत कल्पना निवडण्याचे या योजनेचे उद्दिष्ट आहे. दुसऱ्या टोकाला नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून उभारलेल्या टिंकरिंग प्रयोगशाळा आहेत. त्यांत शाळेमागे २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचे साहित्य येते. अशा सुमारे १०,००० प्रयोगशाळा झाल्या असून २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० उभारण्याची घोषणा झाली. दोन्ही योजनांनी काही चांगले नक्कीच केले आहे. स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीने मोटर फिरताना पाहणे ही खेड्यातील मुलीच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. आणि थेट खात्यात पैसे गेल्याने मधले हात गळाले, हेही मोलाचेच.

तरीही हिशेब अडतो. देशात सुमारे १४.७ लाख शाळा आहेत. त्यांतील पुष्कळ केवळ प्राथमिक आहेत हे मान्य केले, तरी साठ हजार प्रयोगशाळा झाल्यावरही बहुसंख्य मुले त्यांच्या बाहेरच राहणार. ‘मानक’चे दहा हजार रुपये एका मुलाच्या एका कल्पनेचे आहेत, त्याच्या बाकावरच्या शेजाऱ्याचा त्यात वाटा नाही. शिवाय ते पैसे प्रदर्शनाच्या टेबलावर मांडता येईल अशा तयार वस्तूसाठी असतात, आणि बाजाराला ही संधी केव्हाच कळली आहे. सिरिंजमधल्या पाण्याने हलणारा जेसीबी आणि थर्माकोलचा ज्वालामुखी आता दुकानात तयार मिळतात. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. तीन वेळा फसलेल्या आणि का फसला हे समजून घेतलेल्या प्रयोगाला प्रदर्शनात टेबल मिळत नसेल, तर मूल चालणारीच वस्तू आणणार.

या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी आहे, आणि विज्ञानशिक्षणाचा मोठा भाग तिथेच घडायचा असतो. मंगळवारच्या चौथ्या तासाला सातवीच्या सगळ्या वर्गाने करायचा साधा विद्युतमंडलाचा प्रयोग पाहा. शिक्षकाने तो टेबलावर एकदाच करून दाखवला तर एक सेल, एक बल्ब आणि वीतभर तार पुरते. चाळीस मुलांनी चौघाचौघांच्या गटात करायचा म्हटले की तेच साहित्य दहापट लागते. मुले सेल उलटसुलट जोडतात, तारेची टोके थेट एकमेकांना लावून सेल तापवतात, तीन सेल जोडून बल्ब उडवतात. शिकणे घडते ते याच क्षणी. तासाच्या शेवटी सेल उतरलेले असतात, तारा तुटलेल्या असतात आणि पुढच्या तुकडीसाठी हाती काही उरत नाही. हातांनी शिकायचे विज्ञान साहित्य खाते. अनुदानाचे नियम मात्र टिकणाऱ्या, मोजता येणाऱ्या, नोंदवहीत चढवता येणाऱ्या वस्तूंच्या कल्पनेने आखलेले असतात.

हे कोडे या देशात एकदा सोडवून पाहिले गेले आहे. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा सरकारी माध्यमिक शाळांत प्रयोगाधारित विज्ञान सुरू केले. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक शिक्षकांसोबत येऊन बसले. १९७८ मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला, पुढे ‘एकलव्य’ने तो सांभाळला आणि शाळांची संख्या हजारावर गेली. मुले टोळ्या करून प्रयोग करीत. वार्षिक परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती, आणि हाताने प्रयोग करून दाखवण्याचीही परीक्षा असे. याच वातावरणात आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमितीचे आकार घडवणारे अरविंद गुप्ता पुढे आले. नंतर पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रातून त्यांची खेळणी जगभर गेली.

होशंगाबादची आठवण स्वस्त साहित्यासाठी काढली जाते, पण ती अर्धीच आठवण आहे. तिथे साहित्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण होते, अडलेले प्रश्न मांडायला मासिक बैठका होत्या, आणि मुख्य म्हणजे हे सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांच्या हातून चालले होते. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबू शकते, ही बाब छोट्या अनुदानांची चर्चा करताना विसरता येणार नाही. जे कायमच्या तरतुदीत बसत नाही, ते कोणाच्या तरी मर्जीवर जगते.

आज अशी कायमची तरतूद म्हणून ‘समग्र शिक्षा’च्या संयुक्त शाळा अनुदानाकडे बोट दाखवले जाते. पटसंख्येनुसार ते १०,००० ते एक लाख रुपयांपर्यंत असते. त्यातून किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे; उरलेल्यातून वीजबिल, पाणी, इंटरनेट, खेळाचे साहित्य, दुरुस्ती आणि प्रयोगशाळाही. वीज तोडली जाण्याची नोटीस आणि लिटमस कागद एकाच पिशवीत घातले, तर मुख्याध्यापक आधी काय बाहेर काढतील हे सांगायला नको.

तेव्हा मागणी मोठी नाही. सहावीच्या पुढे वर्ग असलेल्या प्रत्येक सरकारी शाळेला वर्षाला दहा हजार रुपये, केवळ संपणाऱ्या आणि फुटणाऱ्या साहित्यासाठी, आणि खरेदीचा निर्णय विज्ञानशिक्षकाचा. एका टिंकरिंग प्रयोगशाळेच्या वीस लाखांत अशा दोनशे शाळांचे एक वर्ष निघते. ज्या वस्तू संपायच्याच आहेत, त्या डेड स्टॉकमध्ये चढवू नयेत. पैसे खाल्ले जातील, हा आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. परंतु पावत्यांच्या गठ्ठ्यानेही तो धोका टळत नाही. पावती पुरवणारे दुकानदार सर्वत्र आहेत. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने कोणत्याही चार मुलांना बोलावून सेल, बल्ब आणि तार पुढे ठेवावी. ज्या मुलाने वर्षभर हे हाताळले आहे, त्याचे हात अर्ध्या मिनिटात सांगतात. होशंगाबादची परीक्षा याहून फार वेगळी नव्हती.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. शालेय निधी वर्षअखेरीस हाती पडतो आणि मार्च संपायच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, ही तक्रार शिक्षकांना नवी नाही. त्या दिवसांत वर्ग परीक्षेला बसलेले असतात. प्रयोग करायला ना मुले मोकळी, ना शिक्षक. घाईघाईने काही टिकाऊ घेऊन नोंद करणे तेवढे शक्य असते, आणि पुष्कळदा आणखी एक कपाटच घेतले जाते. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात. बियांच्या अंकुरणाचा धडा शिकवायला पावसाळ्याइतका चांगला काळ नाही. पैसे जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या खात्यावर असायला हवेत.