आपल्या हातचा सूर

आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात भाविकांचा पूर लोटतो. त्या वारीसाठी बजाजनगरातील आमच्या गल्लीतल्या सात-आठ विद्यार्थ्यांनी मिळून एक वाद्यवृंद जमवला. पेटी होती, पखवाज होता, टाळ होते; एकतारी तेवढी नव्हती. ती विकत आणता आली असती. परंतु सातवीतील एका मुलाने ती घरीच करण्याचा हट्ट धरला. हा हट्ट जवळून पाहताना जे विचार मनात आले, ते वाचकांपुढे ठेवावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

नारळाच्या करवंटीचे तोंड पातळ प्लायवूडने बंद केले, तिच्यातून वेळूची काठी आरपार घातली, घोडी बसवली आणि तार चढवली. तार छेडताच सूर निघाला, पण क्षणभरच! खुंटी घसरे आणि तार ढिली पडे. दोन दिवस असे गेल्यावर पहिली पाळी संपवून घरी आलेल्या वडिलांनी ती खुंटी हातात घेतली. ते व्यवसायाने टर्नर. खुंटी सरळ गोल होती. ती निमुळती हवी आणि छिद्रालाही तोच उतार हवा, म्हणजे दाबताच ती पकड घेते, हे त्यांनी पाहताक्षणी सांगितले. लोखंडाला असा उतार देण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांना त्यासाठी पुस्तक उघडावे लागले नाही. आपले वडील कारखान्यात नेमके काय करतात, हे त्या मुलाला त्या संध्याकाळी प्रथम उमगले.

या प्रसंगाचे मर्म येथेच आहे. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती गावोगावहून आलेल्या कुटुंबांची ही वसाहत वाढली. घराघरांत फिटर, टर्नर, वेल्डर आहेत. मात्र त्यांचे कौशल्य कारखान्याच्या दाराशी थांबते. मुलाच्या हाती मोबाइल येतो, कानस येत नाही. हाताने काम करणे हे शिक्षण कमी पडल्याचे लक्षण आहे, असे आपणच त्याला नकळत शिकवत असतो.

मिरजेचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे, त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा तोच कसबी हात तंतुवाद्यांकडे वळला. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळ्यांपासून त्यांनी घडवलेले तानपुरे देशभरातील गवयांच्या मागे उभे राहिले. घोडीचा माथा कणाकणाने घासून जवारी काढणे हे कानाचे जितके, तितकेच हाताचे काम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीला धार लावणारा हात तानपुरा घडवू शकतो, तर लेथवरचा हात का नाही?

वाद्य तयार झाले, तरी खरी परीक्षा सरावात होती. एकतारीचा सूर पेटीशी जुळेना. तार अधिक ताणली, ती तुटली. तीच तार ठेवून सूर सप्तकभर चढवायचा तर ताण चौपट करावा लागतो. त्यापेक्षा तार बारीक घेणे शहाणपणाचे. हा नियम त्या मुलाला तुटलेल्या तारेने शिकवला. आणि दुसरा धडा त्याहून मोठा : आपला सूर आपल्याला कितीही गोड वाटो, वृंदात तो इतरांशी जुळवावाच लागतो.

तिसरा धडा शेजाऱ्यांनी दिला. रात्रपाळी करून झोपलेले एक गृहस्थ पखवाजाच्या आवाजाने उठले आणि संतापून दारात आले. मुले प्रथम हिरमुसली. नंतर मात्र त्यांनीच घरोघर जाऊन कोणाची कोणती पाळी आहे ते विचारले, भिंतीवर तक्ता लावला आणि त्याप्रमाणे सरावाची वेळ बदलत ठेवली. पुढे ते गृहस्थच टाळ घेऊन सरावाला बसू लागले. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांपुढे हतबल झालेल्या समाजाला ही मुले काही सांगत आहेत. आवाज वाढवल्याने समाज जोडला जात नाही. शेजाऱ्याच्या झोपेची काळजी घेतल्याने जोडला जातो.

बाजारातील एकतारी याहून सुबक आणि सुरेल असते, हे मान्य. अभ्यासाचा वेळ जातो, हा पालकांचा आक्षेपही पोकळ नाही. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात काढण्याची कल्पना मांडली आहे. बजाजनगरातील शाळांना असे कारागीर दूर शोधावे लागणार नाहीत. ते रोज संध्याकाळी विद्यार्थ्यांच्याच घरी परततात. त्यांना सन्मानाने वर्गात बोलवावे, मुलांच्या हाती कानस आणि करवंटी द्यावी.

एकादशीला ती एकतारी दिंडीत वाजली. तिचा सूर टाळांच्या गजरात फारसा ऐकू आला नाही. पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका टर्नरचे डोळे मात्र त्या खुंटीवरच खिळले होते. श्रमाला प्रतिष्ठा द्यावी, असे आपण व्यासपीठावरून नेहमी म्हणतो. ती अशी घरातून सुरू होते.