अक्रोड की नुसतंच ‘वॉलनट’?

नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं, की इंटिरिअरवाला हमखास एक शब्द टाकतो, ‘वॉलनट’! कानाला मस्त वाटतो, कोटेशनही तितकंच भारदस्त होतं. पण सही ठोकण्याआधी विचारा : बॉस, वॉलनट म्हणजे लाकूड, व्हिनिअर की नुसता रंग?

वॉलनट म्हणजे आपला अक्रोडच. शोरूममधलं गडद चॉकलेटी लाकूड बहुधा अमेरिकन ब्लॅक वॉलनट असतं. आपल्याकडचं अक्रोड काश्मीरचं, रंगाने जरा फिकं. तिथे मुळाकडचं लाकूड सर्वांत गडद, म्हणून तेच जास्त भाव खातं. झाड तोडायला सरकारी परवानगी लागते, तेव्हा माल मुबलक नाहीच.

सुतारमंडळी त्याच्यावर फिदा का? ना फार कडक, ना फार मऊ. नीट वाळवलं तर सहसा वाकत-पिळत नाही. पटाशीखाली बारीक नक्षी स्वच्छ निघते. म्हणून तर श्रीनगरचे कारागीर त्यात चिनारची पानं आणि कमळं कोरतात. बंदुकीचे दस्ते आणि महागड्या गाड्यांचे डॅशबोर्डही याचेच.

पण हा गडी सागवान नव्हे. सागवानातलं नैसर्गिक तेल पाणी आणि वाळवीला दूर ठेवतं. अक्रोडाला कीड लागू शकते. त्यामुळे मुंबईच्या पावसात बाल्कनीत नको, बाथरूममध्ये तर नकोच. डायनिंग टेबल, बुकशेल्फ, पलंगाची पाठ, इथे तो शोभतो. आणि हो, रोज कडक ऊन पडलं की रंग हळूहळू फिका होतो. खिडकीजवळ ठेवणार असाल तर पडदा लावा.

आता ओळखायचं कसं? कड बघा. अस्सल लाकडात वरच्या रेषा कडेवरून खाली उतरलेल्या दिसतात. व्हिनिअर म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. लॅमिनेटमध्ये छापील कागद असतो, त्यामुळे तीच गाठ दोन हातांवर पुन्हा भेटते! कडेला पट्टी मारली असेल तर ड्रॉवर बाहेर काढा, टेबलाखाली डोकवा.

व्हिनिअर वाईट नाही. वॉर्डरोबच्या मोठ्या दारांना तेच परवडतं. फक्त पापुद्र्याला पापुद्र्याचाच भाव द्या. कोटेशनमध्ये ‘वॉलनट फिनिश’ असं मोघम लिहिलं असेल तर ते खोडायला लावा आणि ‘सॉलिड’, ‘व्हिनिअर’ की ‘लॅमिनेट’ ते स्पष्ट लिहून घ्या. इएमआय तुम्ही भरणार आहात, तो नाही!