टीटीएमएम की सरसकट भागाकार?

आमच्या फायनल इयरचं आणि पास-आऊट सीनियर्सचं गेट-टुगेदर यंदा मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका क्लबमध्ये झालं. एका सीनियरचे वडील तिथले मेंबर. चप्पल चालणार नाही असा निरोप आल्यामुळे हॉस्टेलवर दोन दिवस एकच धावपळ, बूट कोणाचे घालायचे? शेवटी दोघांनी वर्कशॉपचे बूट पॉलिश करून वेळ मारून नेली.

हिरवळीवर टेबलं, मंद दिवे, एकदम झकास माहौल. मेनूत 'स्मॉल प्लेट्स', म्हणजे सगळ्यांनी मिळून खायचं. कोळंबी कोळीवाडाच्या एका प्लेटमध्ये सहा कोळंब्या आणि टेबलावर आम्ही दहा जण! पण वाटून खाणं आम्हाला कोणी शिकवायला नको. घरून आलेला चिवड्याचा डबा आमच्या विंगमध्ये दहा मिनिटं टिकत नाही.

मग कॉकटेल. आमच्यातल्या एकाने साळसूदपणे 'लाँग आयलंड आइस्ड टी' मागवला. त्यात व्होडका, रम, जिन, टकीला असतं, फक्त चहाच नसतो. वेटरकाकांनी हसून वय विचारलं. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे कॉकटेल सीनियर्सना, आम्हाला लिंबू सोडा. काही बिघडलं नाही. गप्पा रंगल्या, नोकरीचे चार सल्ले मिळाले.

बिघडलं दुसऱ्या दिवशी. क्लबात पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत, बिलावर मेंबरची सही होते. त्यामुळे हिशेब मागाहून मोबाईलवर आला. कॉन्ट्री काढायची हे आधीच ठरलं होतं, किती ते कोणी विचारलं नव्हतं. एकूण बिल भागिले वीस, माणशी अकराशे रुपये.

माझ्या रूम पार्टनरने एक सोडा आणि पनीरचे दोन तुकडे घेतले होते. त्याने निमूट पैसे दिले. पुढचा आठवडाभर संध्याकाळी कँटीनला चल म्हटलं की "डाएट चालू आहे रे" म्हणायचा. हा मुलगा मुळात पन्नास किलोचा! डाएट कसलं ते कळायला मला चार दिवस लागले, याची लाज वाटते.

कोणी म्हणेल, दोस्तीत कसला हिशेब? मीही सेकंड इयरला सी.आर. असताना असाच सरसकट भागाकार केला होता. सोपा असतो. पण ज्याला परवडत नाही तो सगळ्यांदेखत तोंड उघडत नाही, आणि आपण त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार समजतो.

गंमत म्हणजे बिलाचा फोटो नीट पाहिला तर ते मुळातच दोन भागांत होतं. खाण्यावर जीएसटी, दारूवर व्हॅट. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा दारू त्याच्या बाहेर ठेवली गेली, म्हणून हे आकडे वेगळेच छापून येतात. सरकारने आयतं वेगळं करून दिलेलं आपण एकत्र करून वीसने भागतो. इंजिनियर म्हणवून घेतो राव आपण!

माझं म्हणणं एवढंच. खाणं एका ताटातलं, तर त्याचा खर्च सगळ्यांत समान. पिण्याचा खर्च ज्यांनी प्यायलं त्यांच्यात. तिथे चक्क टीटीएमएम, तू तुझं मी माझं. आणि आकडा आधी सांगायचा, म्हणजे ज्याला जमत नाही त्याला ठरवायच्या वेळीच "जरा स्वस्तात करू या" म्हणता येईल.

सीनियर्स वाईट नाहीत. रूम पार्टनरचं नाव न घेता एकाला हे बोललो, तर तो चपापला, "अरे, सुचलंच नाही!" खरंच सुचलं नसेल. म्हणून तर हे लिहितोय. आता फेअरवेलची कॉन्ट्री निघेल. कमिटीने हॉल बुक करायच्या आधी एवढा हिशेब करावा. कोणाला डाएट करायची पाळी येऊ नये.