विमानाला तीन मिनिटे, घाटाला दैव!

वाराणसीच्या बाबतपूर विमानतळाच्या विस्तारासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये 2,869.65 कोटी रुपये मंजूर केले. त्याच सरकारने जुलै 2023 मध्ये सर्व राज्यांच्या अग्निशामक सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी जाहीर केलेली योजना होती 5,000 कोटींची! एका पारड्यात एक विमानतळ, दुसऱ्यात साऱ्या देशाची शहरे आणि खेडी. सत्ताधारी वर्गाच्या लेखी कोणाच्या जिवाचे काय मोल, हे या दोन आकड्यांवरून कळते.

विमानतळावर आगीचा प्रश्न दैवावर सोडलेला नाही. 1944 च्या शिकागो कराराच्या 14 व्या परिशिष्टानुसार धावपट्टीवरील कोणत्याही ठिकाणी बंब तीन मिनिटांच्या आत पोचलाच पाहिजे. विमानाची लांबी व धडाची रुंदी यांवरून विमानतळाची श्रेणी ठरते. सहाव्या व सातव्या श्रेणीला किमान दोन बंब, आठव्यापासून दहाव्यापर्यंत तीन. 'क्रॅश फायर टेंडर' हे वाहनच या मिनिटांच्या हिशेबाने घडविलेले असते. हजारो लिटर पाणी घेऊन ते ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने धावते आणि धावता धावताच छतावरील तोफेतून फेसाचा मारा करते. पुरेसे बंब सज्ज नसतील तर श्रेणी उतरते आणि मोठ्या विमानांवर निर्बंध येतात. विमानाच्या इंधनाची आग पाहता ही दक्षता रास्तच आहे. तेथील जवानही कामगारच आहेत. त्यांच्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही.

भांडण आहे ते ही दक्षता विमानतळाच्या कुंपणापाशी संपते याबद्दल. तेथून सुमारे 25 किलोमीटरवर दशाश्वमेध घाट आहे. नानासाहेब पेशव्यांनी 1748 मध्ये बांधलेला आणि अहिल्याबाई होळकरांनी 1774 मध्ये पुन्हा उभारलेला हा घाट मराठी माणसाला परका नाही. रोज सायंकाळी येथे पेटत्या दीपांची आरती होते, हजारोंची गर्दी लोटते. मागे अरुंद गल्ल्या, जवळच मदनपुऱ्यात विणकरांचे रेशीम आणि लाकडी माग. शहरात पहिला बंब पाच ते सात मिनिटांत पोचावा, असे केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचे मत आहे. पण ती शिफारस! ती पाळली गेली नाही म्हणून कोणाचे विमान अडत नाही.

"गल्ल्याच अरुंद, सरकार काय करणार?" असा साळसूद प्रश्न विचारला जातो. डिसेंबर 2021 मध्ये उद्घाटन झालेल्या विश्वनाथ कॉरिडॉरसाठी तीनशेहून अधिक मालमत्ता संपादून त्याच गल्ल्यांतून प्रशस्त वाट काढताना ही असहायता कोठे गेली होती? अर्थात, आगीचे निमित्त करून गरिबांची घरे पाडणे हा उपाय नव्हे. धावपट्टीसाठी जसे खास वाहन घडते तसे गल्लीसाठीही घडू शकते. हातगाडीवरचा पंप, मोटारसायकलवरील पथक, नाक्यानाक्यावर पाण्याचे खांब, आणि समोरून अखंड वाहणाऱ्या गंगेत पंप बसविलेल्या नौका! यात अशक्य ते काय?

9 मे 2015 रोजी मुंबईच्या काळबादेवीत, अशाच दाटीच्या वस्तीत लागलेल्या आगीने अग्निशामक दलाच्या चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. शौर्याचे गोडवे तेव्हा सर्वांनीच गायले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदले आहे. त्याकडे बोट दाखवून दिल्लीने हात झटकायचे आणि रिकाम्या तिजोरीच्या पालिकांनी कंत्राटी भरतीवर दिवस ढकलायचे, असा हा क्रम आहे. पाच ते सात मिनिटांची ती शिफारस केंद्राच्या निधीसह कायद्यात उतरली पाहिजे, आणि बंबावर चढणारा प्रत्येक हात कायम नोकरीतला असला पाहिजे.